जुली कोरी की ट्रायलिनिएटस? छोट्या कोरीडोरास माशांची ओळख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या टँकमध्ये तळाशी जोडीजोडीने फिरणारे, मिशांनी वाळू चाळणारे हे चिमुकले मासे दक्षिण अमेरिकेतले. दुकानात ते 'कोरी' म्हणून मिळतात. त्यांच्यात सगळ्यात जास्त घोळ 'जुली' या नावाचा होतो, म्हणून सुरुवात तिथूनच करू आणि मग बाकीच्यांकडे वळू.

मी जुली कोरी म्हणून सहा मासे आणले. ते खरंच जुली आहेत का?

बहुधा नाहीत. दुकानात 'जुली' म्हणून विकला जाणारा मासा बहुतेक वेळा कोरीडोरास ट्रायलिनिएटस असतो. हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही, युरोप-अमेरिकेतल्या दुकानांतही वर्षानुवर्षं हेच चालत आलंय. कुर्ल्याच्या बाजारात एखाद्या टाकीवर 'जुली' लिहिलेलं दिसलं, तर आत ट्रायलिनिएटस आहे असं धरूनच चालावं. खरी जुली निघाली तर आनंदच.

दोन्ही जाती खऱ्या आणि वेगवेगळ्या आहेत. ट्रायलिनिएटसचं वर्णन अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड कोप यांनी 1872 मध्ये केलं, तेही पेरूमधल्या अँबियाकू नदीतल्या माशांवरून. जुलीचं वर्णन ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ स्टाइनडाखनर यांनी 1906 मध्ये केलं. दोन्ही मासे साधारण 5 ते 6 सेंटीमीटरचे, फिकट अंगावर काळी नक्षी, पाठीच्या परावर काळा डाग आणि शेपटीवर ठिपक्यांच्या उभ्या ओळी. लांबून बघितलं तर फरक कळणारच नाही.

मग फरक नेमका कुठे बघायचा?

डोक्यावर. बाकी सगळं नंतर.

टँकच्या काचेला नाक लावा आणि मासा तळाशी स्थिर होईपर्यंत थांबा. डोळ्याच्या मागचा आणि वरचा भाग, गालफडाचं झाकण, नाकाड, एवढ्याच भागावर लक्ष ठेवा. खऱ्या जुलीच्या डोक्यावर बारीक, सुटे ठिपके असतात, एकमेकांना न टेकणारे. ट्रायलिनिएटसच्या डोक्यावर हेच ठिपके एकमेकांत मिसळून नागमोडी रेघा तयार होतात आणि त्यांची जाळी दिसते. रांगोळी काढणाऱ्याला हे चटकन कळेल: जुली म्हणजे नुसते ठिपके घातलेली रांगोळी आणि ट्रायलिनिएटस म्हणजे ठिपके जोडून झालेली.

एकच मासा बघून निकाल देऊ नका. सहा आणले असतील तर सहाही बघा, कारण ट्रायलिनिएटस ही फार बदलती जात आहे. काहींची जाळी दाट, काहींची तुटक, आणि काहींच्या डोक्यावर तर जवळजवळ सुटे ठिपकेच. सहापैकी पाचांच्या डोक्यावर रेघा आणि एकाच्या डोक्यावर ठिपके असतील, तर तो एक जुली नव्हे, तोही ट्रायलिनिएटसच. एकाच लॉटमध्ये दोन जाती मिसळण्यापेक्षा एकाच जातीत नक्षी वेगवेगळी असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

डोक्यावरून ठरत नसेल तर?

मग अंगाच्या मधोमध बघा. कोरीच्या अंगावर आपल्या रोहू-कटल्यासारखे खवले नसतात. दोन्ही बाजूंना हाडाच्या पट्ट्यांच्या दोन ओळी असतात, वरची आणि खालची, आणि त्या मधोमध एकमेकींत अडकतात. हा सांधा करवतीच्या दात्यांसारखा वाकडातिकडा दिसतो. ट्रायलिनिएटसमध्ये याच सांध्यावरून ठसठशीत काळा पट्टा शेपटीपर्यंत जातो, त्याच्या वर-खाली फिकट मोकळी जागा असते आणि तिच्या पलीकडे पुन्हा ठिपक्यांच्या ओळी. पट्टा आणि मोकळी जागा हे चित्र जितकं ठळक, तितका कौल ट्रायलिनिएटसच्या बाजूने.

जुलीमध्येही मधली रेघ असते, त्यामुळे 'रेघ दिसली म्हणजे ट्रायलिनिएटस' असं म्हणता येत नाही. या खुणेला दुय्यम माना. डोकं आणि पट्टा दोन्ही एकच सांगत असतील तर प्रश्न मिटला. दोघांचं जमत नसेल तर मासा कुठून आला ते विचारा.

कुठून आला यावरून खरंच कळतं?

पुष्कळदा नक्षीपेक्षा जास्त कळतं.

ट्रायलिनिएटस ॲमेझॉनच्या वरच्या भागातला: पेरू, कोलंबिया, इक्वेडोर आणि ब्राझीलचा पश्चिमेकडचा भाग. पेरूमधलं इकितोस हे शोभेच्या माशांच्या निर्यातीचं मोठं केंद्र, आणि ते बरोबर याच पट्ट्यात येतं. जुलीचा मुलूख त्या खंडाच्या दुसऱ्या टोकाला, ॲमेझॉनचा खालचा भाग आणि ईशान्य ब्राझीलच्या किनाऱ्याकडच्या नद्या, पार्नाइबाच्या खोऱ्यापर्यंत. दोन्ही ठिकाणांमध्ये हजारो किलोमीटरचं अंतर आहे.

म्हणजे जंगलातून पकडलेला मासा पेरूहून आला असेल, तर तो जुली असण्याचं काही कारणच उरत नाही. अडचण एवढीच की आपल्या दुकानदाराला बहुतेक वेळा हे माहीत नसतं. त्याच्याकडे मासे होलसेलवाल्याकडून येतात, होलसेलवाल्याकडे आयातदाराकडून किंवा चेन्नईजवळच्या कोळत्तूरसारख्या ठिकाणच्या पैदासकारांकडून. इतक्या हातांतून जाताना गावाचं नाव गळतं आणि 'जुली' तेवढं शिल्लक राहतं. तरी विचारायला काय जातं? 'वाइल्ड आहे की फार्मचा?' एवढं तरी विचाराच.

माझे मासे जेमतेम दोन सेंटीमीटरचे आहेत. आत्ताच ओळखता येतील का?

घाई करू नका. पिल्लांची नक्षी मोठ्यांपेक्षा वेगळी असते. ट्रायलिनिएटसची पिल्लं तर कित्येकदा ठिपकेवालीच दिसतात, रेघा नंतर जुळतात. 'लहान होते तेव्हा जुली होते, मोठे झाल्यावर बदलले' असं जे कोणी म्हणतं ते याचमुळे. मासा निदान चार सेंटीमीटरचा होऊ द्या.

माझ्या माशाचं नाकाड जरा लांबच वाटतं. तोही ट्रायलिनिएटसच?

मग कोरीडोरास लिओपार्डसची शक्यता तपासा. जॉर्ज मायर्स यांनी 1933 मध्ये वर्णन केलेली ही जात, नक्षी तशीच ठिपक्यांची, पण तोंड पुढे निमुळतं होत गेलेलं आणि अंगाने थोडी मोठी. बाजूने बघताना डोळ्यापासून ओठापर्यंतचं अंतर नीट बघा. ट्रायलिनिएटस आणि जुलीचं नाकाड आखूड, गोलसर उतरतं असतं. लिओपार्डस बाजारात कमी येतो, पण ठिपकेवाल्यांच्या लॉटमध्ये एखादा चुकून आलेला सापडू शकतो.

नाकाडाची लांबी ही सगळ्याच कोरींमध्ये फार कामाची खूण आहे. रंग फसवतो, हाड सहसा फसवत नाही.

मुळात हा कोरीच आहे हे कसं ठरवायचं?

हे आधीच विचारायला हवं होतं खरं. पाच गोष्टी बघा. तोंड खालच्या बाजूला आणि त्याभोवती आखूड मिशा. अंगावर पट्ट्यांच्या दोन ओळी. पाठीच्या पराला आणि छातीच्या परांना पुढे टणक काटा. शेपटीच्या थोडं अलीकडे पाठीवर आणखी एक छोटा मांसल पर. आणि पोट सपाट.

तोंड काचेला चिकटवून बसत असेल तर तो कोरी नाही. मोठा, करड्या रंगाचा, खडबडीत असेल तर तो 'सकर' म्हणून विकला जाणारा प्लेको. तोही दक्षिण अमेरिकेचाच, पण त्याला छोटा समजून आणू नका. तो हातभर वाढतो आणि कंटाळून लोकांनी सोडून दिल्यामुळे आपल्या देशातल्या नद्या-तलावांत आता त्याचा उपद्रव झालाय. कोणताही टँकमधला मासा ओढ्यात किंवा विहिरीत सोडू नये, कोरीसुद्धा.

आपल्याकडच्या शिंगटीशीही कधीकधी गल्लत होते. शिंगटीच्या मिशा लांबलचक असतात आणि अंग गुळगुळीत, पट्ट्या नाहीत. एवढ्यावरून लगेच कळतं.

ओटो आणि कोरी यांच्यात गोंधळ होऊ शकतो का?

ओटो म्हणजे ओटोसिंक्लस, काचेवरचं शेवाळ खाणारा चार सेंटीमीटरचा सडपातळ मासा. त्याला चिकटणारं तोंड असतं आणि पाठीवरचा तो छोटा मांसल पर नसतो, त्यामुळे हाताशी असताना गोंधळ व्हायचं कारण नाही.

निसर्गात मात्र तो मुद्दाम गोंधळ घालतो. पराग्वेमध्ये ओटोसिंक्लस मिम्युलस नावाचा ओटो कोरीडोरास डायफिसची हुबेहूब नक्कल करतो. दोन्ही जातींचं वर्णन 2003 मध्ये एकाच शोधनिबंधात झालं. कोरीला काटे आणि चिलखत असल्याने शिकारी मासे त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत, आणि त्याच्यासारखं दिसलं की ओटोचाही फायदा होतो.

दुकानात 'ओटो ॲफिनिस' लिहिलेलं दिसलं तर तिथेही जुलीसारखंच समजा. ॲफिनिस हे नाव जुन्या पुस्तकांमुळे चिकटलंय, टाकीत सहसा व्हिटॅटस, मॅक्रोस्पिलस अशा दुसऱ्याच जाती असतात.

स्टर्बाय आणि हॅराल्डशुल्ट्झी हे दोन कोरी कसे वेगळे ओळखायचे?

पुन्हा डोकंच. स्टर्बायचं डोकं गडद आणि त्यावर पांढुरके ठिपके. हॅराल्डशुल्ट्झीचं डोकं फिकट आणि त्यावर गडद ठिपके, शिवाय नाकाड लांब. छातीच्या परांचे नारिंगी काटे दोघांनाही असतात, त्यामुळे 'नारिंगी काटा म्हणजे स्टर्बाय' ही अर्धवट माहिती आहे.

दोन्ही जातींचं वर्णन योआखिम क्नाक यांनी 1962 मध्ये केलं. स्टर्बाय ब्राझील-बोलिव्हियाच्या सीमेवरच्या ग्वापोरे नदीतला. आपल्याकडे मिळणारे स्टर्बाय बहुतेक पैदास केलेले असतात आणि नाव बरोबर असण्याची शक्यता जुलीपेक्षा खूपच जास्त. पैदास सोपी असली की नावात गोलमाल करायची गरज पडत नाही.

सगळे कोरी एकमेकांसारखे का दिसतात? हा काय प्रकार आहे?

याचं उत्तर फार मजेशीर आहे, म्हणून थोडं सविस्तर.

रिओ निग्रो नदीच्या वरच्या भागात पाठीवर काळा पट्टा, डोळ्यांवर काळी पट्टी आणि मानेवर केशरी डाग असलेले कोरी सापडतात. 1982 मध्ये त्यांच्यातल्या एकाचं नाव ॲडोल्फोय ठेवलं गेलं. पुढच्याच वर्षी तिथलाच तसाच दिसणारा, पण लांब नाकाडाचा एक मासा वेगळा निघाला, त्याला नाव मिळालं इमिटेटर. मग 1995 मध्ये आखूड नाकाडाचा आणखी एक, ड्युप्लिकेरियस. त्याचा काळा पट्टा ॲडोल्फोयपेक्षा बराच रुंद आणि खालपर्यंत उतरलेला. तिघांना एकाच टाकीत ठेवलं तर नवख्याला ते एकाच जातीचे वाटतील.

2011 मध्ये 'नेचर' नियतकालिकात कोरींवर मोठा अभ्यास आला. डीएनए तपासल्यावर दिसलं की एकाच ओढ्यात राहणारे, एकसारख्या रंगाचे कोरी कित्येकदा जवळचे नातेवाईकच नसतात. त्यांचा रंग सारखा, कारण तो शिकाऱ्यासाठी एकच सामायिक इशारा असतो: आम्हाला काटे आहेत, वाटेला जाऊ नका. कोरीच्या काट्याच्या बुडाशी विषाची ग्रंथीही असते. जितके जास्त मासे तोच इशारा वापरतील तितका तो शिकाऱ्याच्या लवकर लक्षात राहतो. पण सगळ्यांनी एकच खाद्य खाल्लं तर भांडण होणार, म्हणून नाकाडं वेगवेगळी: लांब नाकाडवाला वाळूत खोलवर शोधतो, आखूडवाला वरवर.

ओळख पटवणाऱ्याने यातून एवढंच घ्यायचं: रंग ही त्या गावची वर्दी आहे, घराणं नाकाडावरून कळतं. मेटाय आणि मेलिनी या जोडीत मात्र रंगावरूनच निभावतं. मेटायचा काळा पट्टा पाठीच्या कडेने जाऊन शेपटीच्या बुडाशी थांबतो, मेलिनीचा तिरका उतरत शेपटीच्या खालच्या पाकळीत शिरतो.

ब्राँझ, एमराल्ड, ग्रीन... सगळं एकच का?

ब्राँझ म्हणजे एनियस, थिओडोर गिल यांनी 1858 मध्ये त्रिनिदादच्या माशांवरून वर्णन केलेला. 'एमराल्ड' नावाने खरं तर ब्रोकिस स्प्लेंडेन्स विकायला हवा, पण हिरवट छटेचा एनियससुद्धा 'ग्रीन' किंवा 'एमराल्ड' म्हणून खपवला जातो. ओळख सोपी आहे: पाठीच्या पराचे किरण मोजा. एनियसमध्ये काट्यामागे सात-आठ मऊ किरण, पर त्रिकोणी. ब्रोकिसमध्ये दहा किंवा जास्त, त्यामुळे पराचं बूड लांब, पाल पसरल्यासारखं. शिवाय ब्रोकिस अंगाने उंच आणि आकाराने मोठा.

एनियस या एकाच नावाखाली प्रत्यक्षात अनेक जाती लपलेल्या आहेत, त्यामुळे घरच्या ब्राँझबद्दल यापेक्षा जास्त खोलात न शिरलेलं बरं.

पांढरा, लाल डोळ्यांचा कोरी कोणता?

अल्बिनो. ती जात नाही, एनियस किंवा पेलिएटसची (म्हणजे पेपर कोरीची) बिनरंगाची आवृत्ती. नरांच्या पाठीचा पर ठळकपणे उंच असेल तर पेलिएटसकडे झुकावं. गुलाबी, निळे, हिरवेगार कोरी दिसले तर तो रंग नैसर्गिक नसतो, बहुतेकदा सुईने टोचलेला असतो. घेऊ नका.

पेपर कोरी उन्हाळ्यात मरतात. ओळखीशी याचा काही संबंध आहे का?

सरळ संबंध आहे, आणि नाव बरोबर कळणं का महत्त्वाचं ते इथे दिसतं.

पेपर कोरी म्हणजे पेलिएटस. बीगल जहाजाच्या सफरीत चार्ल्स डार्विन यांनी गोळा केलेल्या नमुन्यांवरून लेनर्ड जेनिन्स यांनी 1842 मध्ये त्याचं वर्णन केलं. तो ॲमेझॉनचा नव्हेच. अर्जेंटिना, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझीलकडच्या नद्यांमधला, तुलनेने थंड पाण्याचा मासा. साधारण 18 ते 23 अंश सेल्सिअसमध्ये तो खूश असतो. नागपूर-अकोल्याचा मे महिना सोडाच, पुण्यातही एप्रिलमध्ये टँकचं पाणी तिशीच्या घरात जातं, आणि तिथे पेलिएटस दमतो, वरखाली धापा टाकतो, मग एक-एक करून जातो.

त्याच टँकमध्ये स्टर्बाय मात्र 28 अंशांपर्यंत मजेत राहतो. जुली आणि ट्रायलिनिएटस मधल्या घरातले, 22 ते 26 अंश त्यांना मानवतं. जुली-ट्रायलिनिएटसचा घोळ झाला तरी देखभालीत फारसा फरक पडत नाही, पण पेलिएटसला ओळखलं नाहीत तर मासा जातो. पेलिएटस ओळखायचा तर ऑलिव्ह-करड्या अंगावर मोठे अनियमित काळसर डाग आणि सगळीकडे मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक टिपके. ठिपक्यांची नीट ओळ कुठेच नाही.

मध्येच भर्रकन वर येऊन हवा घेऊन जाणं हे मात्र सगळ्या कोरींचं नेहमीचं. ते गिळलेली हवा आतड्याच्या मागच्या भागातून शोषून घेतात. तासातून थोड्या वेळा असं झालं तर काळजी नको. सतत व्हायला लागलं तर पाण्यात ऑक्सिजन कमी पडतोय.

पिग्मी कोरी किती प्रकारचे?

बाजारात तीन भेटतात, तिन्ही तीन सेंटीमीटरच्या आसपास. नाकापासून शेपटीपर्यंत एकच सरळ काळी रेघ: पिग्मियस. शेपटीच्या बुडाशी काळा डाग आणि त्याला पांढरी किनार: हॅस्टॅटस. अंगावर तुटक डाग आणि तळाशीच राहणारा: हॅब्रोसस. पहिले दोन पाण्याच्या मध्यावर थव्याने पोहतात, त्यामुळे नुसतं वागणं बघूनही हॅब्रोसस वेगळा काढता येतो.

आता पुस्तकात 'हॉप्लिसोमा' लिहिलेलं दिसतं. ही नवी जात आहे का?

मासा जुनाच, नाव बदललं. कोरीडोरास या एकाच वंशात 170 हून अधिक जाती कोंबलेल्या होत्या. त्या सगळ्या एका घराण्यातल्या नाहीत हे डीएनएवरून बरंच आधी दिसत होतं. 2024 मध्ये ब्राझीलच्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या मोठ्या अभ्यासात त्यांची वाटणी झाली आणि जुनी अडगळीत पडलेली नावं परत वापरात आली. लांब नाकाडवाले 'कोरीडोरास'मध्येच राहिले. जुली, ट्रायलिनिएटस, स्टर्बाय, पांडा, पेलिएटस हे 'हॉप्लिसोमा'त गेले. एनियस 'ऑस्टिओगॅस्टर' झाला, पिग्मियस आणि हॅस्टॅटस 'गॅस्ट्रोडर्मस'. ब्रोकिस हे नावही परत आलं, आणि त्याचा संसार वाढला.

लॅटिनच्या नियमांमुळे शेवटही बदलतात, म्हणून ट्रायलिनिएटस आता 'हॉप्लिसोमा ट्रायलिनिएटम' असं दिसेल. ही वेगळी जात समजून जास्त पैसे मोजू नका. दुकानात आणखी बरीच वर्षं कोरीच म्हणतील, आणि या पानावरही मी जुनीच नावं वापरली आहेत, कारण शोधताना तीच हाताशी लागतात.

नावाच्या जागी 'C' किंवा 'CW' आणि आकडा असतो. ते काय?

ज्या कोरींना अजून शास्त्रीय नाव मिळालेलं नाही त्यांना ओळखीसाठी दिलेले क्रमांक. प्लेकोंसाठी जर्मनीच्या 'डाट्झ' मासिकाने 1988 मध्ये एल-क्रमांक सुरू केले, आणि 1993 मध्ये त्याच मासिकाने कोरींसाठी सी-क्रमांक आणले. सीडब्ल्यू ही नंतरची मालिका. पुढे शास्त्रीय नाव मिळालं तरी बाजारात क्रमांक चालूच राहतो. क्रमांकवाला मासा महाग असतो, त्यामुळे विक्रेत्याकडे तो कुठून आला याची माहिती मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

नर-मादीत नक्षी वेगळी असते का?

जुली किंवा ट्रायलिनिएटसमध्ये नक्षीवरून काही कळत नाही. वरून बघा: मादी छातीच्या परांमागे रुंद आणि भरलेली, नर सडपातळ.

ओळख विचारण्यासाठी फोटो कसा काढावा?

एक फोटो बाजूने आणि एक डोक्याचा जवळून, डोळा अगदी स्पष्ट दिसेल असा. तिसरा वरून काढलात तर आणखी चांगलं. फ्लॅश काचेला तिरका ठेवा, समोरून मारलात तर पट्ट्यांवरून उजेड परततो आणि नक्षी पांढरी पडते.

टँकमध्ये मासा थांबतच नसेल तर लहान काचेच्या डब्यात घेऊन चटकन फोटो काढून परत सोडा. जाळीने पकडताना जपून. घाबरला की कोरी पाठीचे आणि छातीचे काटे ताठ करून कुलपासारखे अडकवतो, मग ते जाळीत गुंततात. ओढाताण करू नका, पाण्यात धरून ठेवा, तो स्वतःहून काटे मिटतो. जमेल तर जाळीऐवजी डब्यानेच पकडा. हाताला काटा टोचला तर बराच वेळ ठणकतं.

नुकत्या आणलेल्या माशाचा फोटो काढून विचारू नका. प्रवासाने, पांढऱ्या वाळूने किंवा रात्री दिवा लावल्या-लावल्या रंग इतका उतरतो की डोक्यावरची जाळी पुसट ठिपक्यांसारखी दिसते. अशा फोटोंवरून कितीतरी ट्रायलिनिएटस 'जुली' ठरले असतील. आठवडाभर स्थिरावू द्या.

दुकानदाराने जुली सांगून ट्रायलिनिएटस दिला. फसवणूक झाली म्हणायची का?

मला तसं वाटत नाही, बहुतेकदा तरी. त्याच्याकडे आलेल्या पिशवीवरच 'जुली' लिहिलेलं असतं आणि व्यापारात या नावाचा अर्थ 'ठिपकेवाला कोरी' एवढाच उरलाय. भाव ट्रायलिनिएटसचाच लावला असेल तर तक्रारीला जागा नाही. 'खरी जुली, दुर्मीळ' म्हणून चढा भाव लावला असेल, तर मात्र तिथल्या तिथे डोकं दाखवायला सांगा आणि कुठून आला ते विचारा. उत्तर पेरू आलं तर पैसे खिशात ठेवा.

जुली आणि ट्रायलिनिएटस एकत्र ठेवू का? पिल्लं झाली तर?

एकत्र ठेवायला हरकत नाही, भांडत नाहीत. पण जवळच्या कोरी जाती टँकमध्ये एकमेकांशी संकर करू शकतात, आणि त्या पिल्लांची नक्षी कशातच बसत नाही. पिल्लं वाढवून वाटायचा विचार असेल तर दोन्ही वेगळे ठेवा, प्रत्येकी निदान सहा. एकत्र टँकमधली पिल्लं दुसऱ्याला देताना 'जुली' असं लेबल लावू नका. 'मिश्र टँकमधली पिल्लं' असं स्पष्ट लिहा, आई-बाप कोणते असावेत ते सांगा आणि मोठ्यांच्या डोक्याचा एक फोटो सोबत द्या.